वीस मिनिटांचा निरोप

त्या सकाळी यानाने शाल्मलीच्या बाबांना घेऊन उडायला साफ नकार दिला.

बाबा, म्हणजे दिगंबर सावर्डेकर, सह्याद्रीच्या कड्यांवर अडकलेल्या माणसांना उचलून आणायचे. यान छोटंसं, वैमानिक आणि एक जखमी, एवढाच भार पेलणारं. त्यामुळे उड्डाणापूर्वी आसनच वैमानिकाचं वजन करायचं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : ‘भार चार किलो जास्त.’

शेवटी दुसऱ्या वैमानिकाला बोलवावं लागलं. कड्यावर पाय मोडून पडलेला माणूस वाचला, पण पाऊण तास विव्हळत राहिला. घरी आल्यावर बाबांनी हे सगळं सांगितलं.

अकरा वर्षांच्या शाल्मलीला कोडं पडलं. घरी बाबा दोन पोळ्यांवर तिसरी घेत नसत. मग वजन वाढलं कशाने?

“वासंतीआत्याला विचारू या,” ती म्हणाली.

आत्या बाबांची थोरली बहीण. साताऱ्याच्या एका प्रयोगशाळेत ती माणसाच्या भुकेवर संशोधन करायची. तिने बाबांना मुगाच्या दाण्याएवढा एक संवेदक (शरीरातले बदल टिपणारं उपकरण) पाण्याबरोबर गिळायला दिला.

“दिगू, बचाव चौकीवर कामाच्या वेळी जेवतोस तसाच इथे जेव. अगदी तसाच.”

दिवे मंदावले आणि घुमटाकार छतावर बाबांचं पोट उलगडलं. शाल्मलीने मान वर केली. गुलाबी भिंतींचं जठर लाटेसारखं हलत होतं. पलीकडे मखमली घड्यांचं आतडं लांबच लांब पसरलं होतं.

“हे सगळं बाबांच्या आत आहे?”

“तुझ्याही आत आहे.”

चौकीवर असतो तसा हवामानाचा पडदा आत्याने समोर लावला होता. बाबांनी डोळे त्यावर लावले आणि भराभर घास घ्यायला सुरुवात केली. सात मिनिटांत चार पोळ्या संपल्या. पुढ्यातली फरसाणाची पिशवी त्यांनी न बघताच ओढली.

“दिगू, कुणी मागे लागलंय का तुझ्या?” आत्या हसली.

“हाक कधी येईल सांगता येत नाही, ताई. उरकून घ्यायची सवयच लागलीय. आणि अजून भूक आहे ना!”

“शाल्मली, आता वर बघ.”

आतड्याच्या भिंतींतून प्रकाशाचे कण सुटू लागले होते. “ही संप्रेरकं (रक्तातून निरोप नेणारी रसायनं),” आत्या म्हणाली. “काही निरोप चेतातंतूंवरून (मेंदूला जोडणाऱ्या बारीक धाग्यांवरून) जातात. सगळे एकच सांगतात : आता पुरे.”

कण रक्ताच्या लाल प्रवाहात मिसळले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कणांची दाटी वाढत गेली आणि विसाव्या मिनिटाच्या सुमारास मेंदूच्या तळाशी एक इवलासा भाग उजळून निघाला.

बाबांचा हात पिशवीतच थबकला. “बापरे, पोट तट्ट झालं!”

“पोट केव्हाच भरलं होतं,” शाल्मली पुटपुटली. “निरोप वाटेत होता!”

“मग जास्तीचं अन्न कुठे जातं?” तिने विचारलं.

छतावर सोनेरी थेंबांनी भरलेले असंख्य गोल आले. “या मेदपेशी (चरबी साठवणाऱ्या पेशी). दुष्काळात आपले पूर्वज याच साठ्यावर तगले. पण आता अन्न दिवसभर हाताशी असतं. साठा वाढतच गेला की लठ्ठपणा येतो. हृदयावर, गुडघ्यांवर ताण पडतो.”

बाबा हलक्या आवाजात म्हणाले, “मला वाटायचं, मीच हावरट आहे.”

“नाही रे. घाईचं आणि बेसावध खाणं हे तुझं कारण. कुणाचं कारण आनुवंशिक असतं, कुणाचं अपुरी झोप, कुणाचं आजार. म्हणून वजनावरून कुणाला हसू नये.”

शाल्मलीने बाबांचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी तेच जेवण वाढलं, पण पडदा बंद होता आणि समोर शाल्मली बसली होती. गप्पांच्या नादात पंचवीस मिनिटं गेली. अडीच पोळ्यांवर बाबांनी आपणहून ताट बाजूला सारलं. फरसाणाची आठवणही झाली नाही.

मग बाबांनी चौकीप्रमुखांकडे जेवणासाठी अर्धा तास मागितला. “तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी पडदा सांभाळावा.” प्रमुख फर्नांडिसबाई आधी कुरकुरल्या, पण पाऊण तास विव्हळणारा तो माणूस त्याही विसरल्या नव्हत्या. त्यांनी पाळी लावून दिली.

वजन हळूहळू उतरलं. एका महिन्यात तर काटा हललाच नाही, तेव्हा बाबा वैतागले. तरी त्यांनी सवय सोडली नाही. आठव्या महिन्यात ते पुन्हा उडाले आणि दरीत अडकलेल्या एका मुलीला घेऊन आले.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर शाल्मली डोळे मिटून बसली.

“झोप आली का गं?” बाबांनी विचारलं.

“शू! माझे निरोप निघालेत.”

आपण काही न सांगता, काही न शिकवता, ते कण या क्षणी आपल्या आत वाट चालताहेत, या विचाराने तिच्या अंगावर शहारा आला. “बाबा, मोठी झाले की मी त्यांची भाषा शिकणार आहे. आत्यालाही अजून ती पुरती कळलेली नाही!”