पंख्यासमोरचा धागा

दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी संयुक्ता मगदूमचं ग्लायडर हवेतच थांबलं. अर्ध्या सेकंदानं ते पुढे सरकलं, पुन्हा थांबलं आणि दुसऱ्यांदा सरकलं ते थेट कड्यावर आदळलं.

ग्लायडर खेळातलं होतं, कडाही खेळातलाच. पण स्पर्धा खरी होती. २०४३ सालच्या आंतरशालेय ‘गरुडदरी’ स्पर्धेचा अंतिम सामना त्याच संध्याकाळी सहाला होता आणि हा शेवटचा सराव. संघ दोघांचा: इचलकरंजीची संयुक्ता, वय बारा, आणि तिच्याच वर्गातला फरहान जमादार. नियम स्पष्ट होता. सहाच्या ठोक्याला दोघंही जोडलेले नसतील, तर संघ बाद.

“ए, झोपलीस काय?” हेडफोनमधून फरहान ओरडला. “चंद्रपूरची पोरं आपली चटणी करतील!”

“मी नाही, संगणक झोपलाय.”

“कालपण हेच म्हणालीस.”

ते खरं होतं. आठ दिवस हेच चाललं होतं. पहिली दहा-बारा मिनिटं खेळ सुरळीत, मग अडखळणं. सकाळी कमी, दुपारी जास्त. तिनं खेळ काढून पुन्हा घातला, नेटवर्कला शिव्या दिल्या, काही उपयोग झाला नाही. आताही पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसत होते: तापमान ९७ अंश, सेकंदाला चित्रं २६. एरवी ती १४० असत. संगणकाच्या मागच्या जाळीला अडकलेला एक निळा धागा सरळ खाली लोंबत होता. तो तिनं पाहिला होता, पण त्याचा विचार केला नव्हता.

तिनं संगणक बंद केला, प्लग काढला, बाजूचं झाकण उघडलं. आत सगळं पांढरं होतं.

भिंतीपलीकडे मगदूमांच्या शेडमध्ये कापड विणणारे चोवीस माग चालत. कापसाची तुसं उडत आणि खिडकीतून घरात येत. दर पाळीला कांडी नावाची सफाई-रोबो कॉम्प्रेसरच्या बंदुकीनं मागांवर हवा मारी आणि माग लख्ख होत. पांढऱ्या तुसांवर दुसरा उपाय संयुक्ताला ठाऊकच नव्हता.

“कांडी, इकडे ये! हवा मार.”

कांडी नळी ओढत दाराशी आली. “माझ्या यादीत चोवीस माग आहेत. हा पंचविसावा?”

“हो, पंचविसावा. मार लवकर.”

चार वाजून एकतीस मिनिटांनी कांडीनं बंदूक दाबली. पांढरा ढग उठला. आतला पंखा गरगरला आणि शिट्टीसारखा किंचाळला.

“थांबव! आधी थांबव ते!”

दारात आज्जा उभे होते. डॉ. भूपाल मगदूम यांनी बत्तीस वर्षं उपग्रहांच्या उष्णता-प्रयोगशाळेत काढली होती. ते सहसा ओरडत नसत.

पंखा हळूहळू थांबला. संयुक्तानं तो बोटानं फिरवला. टक्. प्रत्येक फेरीला एकदा, टक्. हा आवाज आधी नव्हता.

आज्जांनी बंदूक घेतली आणि संयुक्ताच्या वहीच्या कोऱ्या पानावर एकदाच दाबली. पानावर पिवळसर ओले ठिपके उमटले.

“हे काय?”

“पाणी आणि तेल. कॉम्प्रेसर हवा दाबतो, तेव्हा हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं. यंत्रातलं थोडं तेलही बरोबर येतं. मागाला त्याचं काही वाटत नाही. पण तुझ्या संगणकातल्या सर्किट बोर्डवर (ज्या पाटीवर विजेच्या बारीक वाटा कोरलेल्या असतात ती) पाणी पडलं, की वीज भलत्याच वाटेनं जाते.”

“आणि पंखा?”

“त्याला झेपणार नाही इतका जोरात फिरवलात. बेअरिंगला (दांडा ज्या आधारावर फिरतो त्याला) इजा झाली असेल. शिवाय पंख्याची छोटी मोटर बाहेरून फिरवली, की सायकलच्या डायनॅमोसारखी वीज तयार करते. ती उलटी बोर्डात शिरू शकते.”

“मग मेला का संगणक?”

“माहीत नाही. अंदाज नको, बघू या.”

भिंगातून पाहिल्यावर तीन थेंब पेटीच्या पत्र्यावर दिसले, एक बोर्डच्या कडेला. आज्जांनी ते कोरड्या कापडाच्या टोकानं टिपले आणि टेबल-फॅन लावला.

“आता एक तास वाळू दे.”

“एक तास? आज्जा, सहाला सामना आहे!”

“ओल्या बोर्डात वीज सोडलीस, तर आजचाही नाही आणि उद्याचाही नाही.”

चार वाजून चव्वेचाळीस मिनिटं झाली होती. संयुक्ता बसली, उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. फोनवर फरहानचे सात निरोप होते. शेवटचा होता, “जिवंत आहेस का फक्त सांग.”

“बस जरा. तास फुकट घालवायचा नाही,” आज्जा म्हणाले. “थंडीत गोधडी गरम असते का?”

“असते की.”

“नसते. ऊब तुझीच. गोधडीच्या थरांत हवा अडकून बसते आणि अडकलेली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. आता आत बघ. हा प्रोसेसर (सगळी आकडेमोड करणारा भाग). काम केलं की तापतो. त्याची उष्णता या धातूच्या पातळ पत्र्यांत जाते. पंखा पत्र्यांमधून हवा ढकलतो, ती हवा उष्णता घेऊन मागच्या जाळीतून बाहेर पडते. पत्र्यांमध्ये काय दिसतं?”

संयुक्तानं वाकून पाहिलं. कांडीनं वरवरची तुसं उडवली होती. पत्र्यांच्या फटीत मात्र करडा थर घट्ट बसला होता.

“गोधडी,” ती म्हणाली. मग एकदम ताठ झाली. “आज्जा, जाळीला एक धागा आहे! तो हलतच नव्हता. म्हणजे हवा बाहेर येतच नव्हती!”

“हा पुरावा झाला.”

“पण मग प्रोसेसर जळाला का नाही? नुसता मंद का झाला?”

“उन्हात पळताना धाप लागली की तू काय करतेस?”

“चालायला लागते.”

“तोही तेच करतो. स्वतःचं तापमान मोजतो आणि ते हद्दीशी आलं, की वेग कमी करतो. कमी काम, कमी उष्णता. जीव वाचतो, पण सेकंदाला चित्रं कमी निघतात आणि तुझं ग्लायडर हवेत थांबतं.”

“म्हणून पहिली दहा मिनिटं ठीक! तापायला तेवढा वेळ लागतो. आणि दुपारी जास्त, कारण खोलीतली हवाच गरम.”

“मी हे सांगणार होतो.”

“मीही दुपारी मंद होते,” कांडी म्हणाली. “शेडमध्ये सगळे मला आळशी म्हणतात.”

आज्जांनी तिच्या पाठीकडे रोखून पाहिलं. “उद्या तुझंही झाकण उघडू.”

मग सफाई सुरू झाली. आधी संगणकाचं पॉवरचं बटण दाबून धरलं, उरलीसुरली वीज जावी म्हणून. मग संयुक्तानं पेटीच्या उघड्या धातूला हात लावला; अंगावर साठलेली स्थिर वीज (कपड्यांच्या घर्षणानं साचते ती) तिथे निघून जाते. तोंडाला फडकं बांधलं. कांडीनं एका बोटानं पंख्याचं पातं धरून ठेवलं. मऊ, कोरड्या ब्रशनं थर सैल करायचा, हातानं दाबायच्या रबरी फुग्यानं हवेचे छोटे फुत्कार मारायचे. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. वीज पुरवणारी डबी उघडायची नाही, प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली राहते.

“पण तीसुद्धा मळलीय.”

“जाळी बाहेरून पूस. आत शिरायचं नाही.”

फटीतला थर निघाला तो नमद्याच्या (दाबून केलेल्या लोकरी कापडाच्या) तुकड्यासारखा, तळहाताएवढा. फटींमधून पलीकडची भिंत दिसू लागली.

पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी आज्जांनी भिंगातून शेवटचं पाहिलं. “कोरडा आहे. लाव.”

संयुक्तानं प्लग लावला, पण बटण दाबेना.

“दाबू?”

“दाबल्याशिवाय कळणार नाही.”

तिनं दाबलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग पंखा फिरला. टक्, टक्, टक्. आणि जाळीवरचा निळा धागा थरथरला, वर उचलला गेला आणि आडवा होऊन फडफडू लागला.

पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ती जोडली गेली.

“आलीस एकदाची! मी तर श्रद्धांजलीचं भाषण लिहायला घेतलं होतं,” फरहान म्हणाला.

“ठेव जपून. चंद्रपूरच्या पोरांसाठी वाच.”

पहिली फेरी त्यांनी घालवली, दुसरी आणि तिसरी जिंकली, चौथी घालवली. बरोबरी. एकदाही ग्लायडर हवेत थांबलं नाही. मध्यंतरात कांडीनं आपल्या यादीत पंचविसावी नोंद केली: “संगणक. महिन्याला एकदा. हवा मारायची नाही, ब्रश.”

पंख्याची टक्टक मात्र आता वाढली होती. हेडफोन बाजूला केल्यावर ती स्पष्ट ऐकू येई.

“आज्जा, टिकेल का तो?”

“नवा पंखा उद्याच मिळेल. आत्ता आकडा काय?”

“त्र्याहत्तर.”

“मग खेळ. आकड्यावर माझी नजर आहे. ब्याण्णव झाला तर बंद करायचं, फेरी अर्धी असली तरी. कबूल?”

संयुक्तानं ओठ चावला. “कबूल.”

सहा वाजून चोपन्न मिनिटांनी पाचवी आणि शेवटची फेरी सुरू झाली. तापमान ७४ होतं, चित्रं १३८. टक्टक चालू होती. धागा अजून आडवा होता.