टोपल्याखालचं पीठ

पोट्टेहो, मोबाइल पालथे ठेवा अन् ऐका. हे आपल्या लीलाबाईसंग घडलं, यंदाच्या पौष अमावास्येला, रविवारी रात्री.

डोक्यावर पिठलं-भाकरीची पाटी घेऊन लीलाबाई निघाली होती. लेकीच्या सासरी. लेक नव्हती. उर्वशीला विहिरीत जाऊन तीन वर्षं झाली होती. पाय घसरला, असं सासरा बबनराव सांगे. दवाखान्यातून मिळालेले तिच्या अंगावरचे कपडे लीलाबाईनं धुऊन पेटीत घातले, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात बांधली. तेव्हापासून त्या घरानं तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

आता तिथं यवतमाळच्या रजतचा भुताचा सिनेमा चालला होता. सात माणसं, एक कॅमेरा, खिशात दमडी नाही. म्हणून सासऱ्याच्या कामाला खुद्द बबनरावच! आत शिरायला मिळतं म्हणून लीलाबाईनं स्वयंपाक धरला.

"खरी माणसं असली का भीती खरी वाटते, मावशी," रजत म्हणाला.

"अन् भूत कोण? माही पोरगी?"

"नाव बदललंय ना."

"नाव बदललं, विहीर तीच! जित्तेपणी छळलं, आता हडळ करून राह्यले."

बबनराव ओसरीवरून हसला. कडबा-कुट्टीच्या यंत्रात मधलं बोट गेलेला उजवा हात त्यानं जोडल्यासारखा केला. "या इहीणबाई. तुमच्या पोरीनं मरून का होईना, आमचं नाव काढलं."

लीलाबाईनं पाटी ओसरीवर आपटली.

त्या रात्री टोपल्याचा शॉट होता. आपल्यात माणूस गेल्यावर दहाव्या रात्री पीठ पसरतात, दिवा लावतात, पिठावर टोपलं पालथं घालतात. मग ज्याचं पाऊल उमटेल, त्या जन्माला जीव गेला असं समजायचं. उर्वशीचं टोपलं बबनरावानं घातलंच नव्हतं. तीन दिवसांत सगळं उरकलं होतं त्यानं. अन् आता सिनेमासाठी घालत होता!

टोपलं पालथं झालं. बबनराव सिनेमातलं नाव घेणार, तोच लीलाबाई कडाडली, "खरं नाव घ्या, इवाईबुवा! खरी माणसं पाह्यजे ना या सिनेमावाल्यायले?"

रजतचे डोळे चमकले. "घ्या काका, खरंच घ्या."

"लय शौक हाये बाईले." बबनराव खाकरला. "उर्वशी... ये वं."

कॅमेरा चालू होता. टोपल्याजवळ कोणी नव्हतं. दहा वाजून चाळीस मिनिटं.

वारं नव्हतं.

दिवा वाकला.

बाहेरचं कुत्रं भुंकता भुंकता... थांबलं.

"उचला काका," रजत कुजबुजला.

बबनरावानं टोपलं उचललं.

पाऊल नव्हतं.

हात होता. उजवा. मधलं बोट नसलेला.

"कोणं केलं हे? मजाक लावली का रे?"

"काका..." रजतनं कॅमेऱ्याकडं बोट केलं. "कोणीच गेलं नाही जवळ. कॅमेरा..."

"हात दाखवा, इवाईबुवा."

बबनरावानं हात पाठीमागं नेला.

"दाखव नं, मुर्द्या! पिठाले लाव तो हात! घसरली म्हने! तीन वर्षं मले येडी ठरवलं तुवा!"

 हात पाठीमागंच धरून तो भिंतीला टेकला.



भाकरीची पाटी तिथंच सोडून लीलाबाई घरी आली. सकाळी पोरीचे कपडे पोलीस ठाण्यात नेऊन आपटायचे, मग साहेब हाकलो का मारो, असं तिनं ठरवलं. गळ्यातली किल्ली काढली. कुलूप जसंच्या तसं. पेटीतून उर्वशीचं लुगडं काढलं. खाली हिरवं पोलकं. स्वतःच्या हातानं धुऊन घडी घातलेलं.

तिनं घडी उलगडली.

पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध... पिठाचा पांढरा पंजा.

मधलं बोट नव्हतं.