कोरड्या जागी ठेवलेल्या बाहुल्या

बाहुलीच्या पोटात आकडा घालून, आतला रबर ताणून, तो दुसऱ्या पायाच्या कडीत अडकवायचा म्हणून कुलाशने श्वास रोखून धरला होता, आणि नेमकं तेव्हाच तोगजान दार ढकलून व्हरांड्यात आली... रबर निसटला आणि बाहुलीचा पाय टेबलाखाली घरंगळत गेला.

"वहिनी, आपा म्हणतात रविवारच्या आत ही फौज इथून हलवा," हसत हसत तोगजान म्हणाली. "एवढे डोळे रोखून बघत असताना पाहुण्यांच्या घशाखाली घास कसा उतरणार?"

काचेच्या कपाटात बाहुल्या खच्चून भरलेल्या होत्या. कुणी कागदाच्या लगद्याची, कुणी प्लॅस्टिकची, कुणी डोळे मिटणारी. किझिलोर्दा गावात पन्नाशीच्या बायकासुद्धा आपल्या लहानपणीची बाहुली फडक्यात गुंडाळून कुलाशकडे आणत आणि बरी होऊन हातात आली की भर व्हरांड्यात रडत. गालावरचे शाईचे डाग मुरुमांचं मलम लावून उन्हात ठेवले की फिके पडतात, गुंता झालेले केस साबणात भिजवून नळ्यांवर गुंडाळले की पुन्हा कुरळे होतात, हे सगळं ती आपलं आपणच शिकली होती.

तोगजानने वाकून तो पाय उचलला आणि टेबलावरची बाहुली हातात घेतली. त्या बाहुलीचा डावा कान जळालेला होता.

"अय्या, माझ्या बाहुलीचा कान अस्साच जळला होता! चुलीला टेकवून ठेवली होती मी तिला. आठवतं तुम्हाला?"

"तेव्हा घरोघरी चुली होत्या आणि घरोघरी पोरी होत्या," मान वर न करता कुलाश म्हणाली. "अशा कितीतरी येतात माझ्याकडे."

तोगजान गुणगुणत निघून गेली. कुलाशने ती बाहुली उराशी धरली, आणि मग कुणी पाहील म्हणून लगेच खाली ठेवली.

वहिनी! पोटच्या पोरीच्या तोंडून हा शब्द ऐकत कुलाशची उमर गेली. आमच्याकडची रीतच तशी आहे. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. आजीने ते पदरात घेतलं की तीच त्याची आपा, म्हणजे आई. मग जन्मदाता बाप होतो दादा, आणि जन्मदाती होते वहिनी. यात लपवाछपवी काही नसते, गावाला ठाऊक असतं, खुद्द मुलालाही ठाऊक असतं... फक्त बोलायचं नसतं. बाळंतपणाचा चाळिसावा दिवस उलटला तेव्हा सासूने हात पुढे केले, आणि विशीतल्या कुलाशने मान डोलावून बाळ त्या हातांत दिलं. हा तर मोठा मान, असं सगळे म्हणाले. मान होताच! पण त्या मानाचं ओझं ज्या छातीवर पडलं, तिला कुणी विचारलं नाही. पुढे दोन मुलगे झाले, ते तिला आई म्हणत, तरी कानाची ती एक जागा रिकामीच राहिली.

पोरीला कुलाशने एखादं खेळणं आणलं की सासू म्हणे, मी तिची आई अजून जिवंत आहे. म्हणून आणणंही बंद झालं. पण तोगजान बाहुल्या मोडायची फार, आणि तुटकी बाहुली घरात ठेवू नये या समजुतीने सासू त्या लगेच बाहेर टाकायची. मागच्या अंगणात गोठ्याच्या छपराखाली त्या कुलाशला सापडत. बर्फ पडत असो की पाऊस, त्या कधी भिजलेल्या नसत. नशीब आपलं, म्हणून ती पदराआड लपवून आणायची आणि जोडत बसायची. गावाच्या बाहुल्या नंतर आल्या. आधी आल्या त्या तोगजानच्या, आणि त्या कपाटात इतरांच्या मागे उभ्या होत्या.

आता तोगजानचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे येणार, मेंढीच्या शेपटाची चरबी आणि कलेजी दोन्हीकडच्यांनी एकमेकांना भरवायची की सोयरीक पक्की झाली, मग ती कुणालाही मोडता येत नाही. पण त्याआधी एक विधी असतो तो दुधाच्या मानाचा. ज्या आईच्या दुधावर मुलगी वाढली तिच्या खांद्यावर वरमाई अंगरखा घालते. तो कुणाच्या खांद्यावर पडणार? कुलाशचा नवरा झुमाताय बायकोची नजर चुकवत व्याह्यांना आधीच सांगून आला होता की आमच्याकडे आपाच आई आहेत. आणि शनिवारी कणीक मळताना सासूने स्वतःच विषय काढला.

"दुधाचा मान माझाच ना, कुलाश?"

म्हातारीचे डोळे अधू झाले होते, तरी ती रोखून बघत होती. एकदाच, आयुष्यात फक्त एकदा तरी चारचौघांत त्या पोरीची आई म्हणून बसावं, एवढीच कुलाशची इच्छा होती... पण हो म्हणावं तर स्वतःच्या काळजावर सुरी, नाही म्हणावं तर या थकल्या जिवाची पंचवीस वर्षांची माया पाहुण्यांदेखत धुळीला मिळणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"तुमचाच, आपा," ती म्हणाली आणि कणकेत मुठी दाबत राहिली.

रविवारी दुपारी पाहुणे आले. बैठकीवर बाउरसाकांचे, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचे, डोंगर, सुकामेवा, लोण्याच्या वाट्या. उंच आसनावर आपा, शेजारी वरमाई राबिगा, आणि दाराजवळ समोवारपाशी कुलाश. केस पिकले तरी सून ती सून, चहा तिनेच ओतायचा. आमच्याकडे अर्धा भरलेला प्याला म्हणजे मोठा मान. पाहुण्याने पुन्हा पुन्हा मागावा, आपण पुन्हा पुन्हा द्यावा, बैठक रंगावी. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे प्या आणि वाटेला लागा. पाच वर्षांच्या पोरीलाही हे कळतं.

राबिगाने निळा मखमली अंगरखा उलगडला.

"ज्या दुधावर आमची सून वाढली त्या दुधाचं ऋण आम्हाला फेडता यायचं नाही," ती म्हणाली, आणि अंगरखा आपाच्या खांद्यांवर घातला.

त्या दुधावर... कुलाशच्या छातीत, किती वर्षांनी, पान्हा दाटून यावा तसं दुखलं. कोवळ्या ओठांची ती ओढ, आणि पोट भरतं न भरतं तोच बाळ उचलून नेणारे ते हात! समोवारची तोटी चालू होती. ती कुठे बघत होती, तिचं तिलाच भान नव्हतं. तिने प्याला पुढे केला आणि तो हातोहात राबिगापर्यंत पोचला.

राबिगाने प्याल्यात पाहिलं. चहा काठाला टेकला होता. तिने तो न सांडता दस्तरखानाच्या, समोर पसरलेल्या कापडावर ठेवला.

"आम्हीच घाई केली म्हणायची," ती थंडपणे म्हणाली. "रस्ता लांबचा आहे. निघतो आम्ही."

चरबी-कलेजीचं ताट अजून स्वयंपाकघरातच होतं. झुमाताय पांढराफटक पडला. पडद्याआड तोगजान उभी होती, तिचा हुंदका कुलाशला ऐकू आला. हात चुकला म्हणावं, तर सव्वीस वर्षं चहा ओतणाऱ्या सुनेचा हात असा चुकतो यावर विश्वास कोण ठेवणार? आणि खरं कारण सांगावं, तर आपाच्या खांद्यावरचा मान भर बैठकीत ओढून काढल्यासारखं होईल... ती गुडघ्यांवर पुढे सरकली.

"विहीणबाई, दोष माझा आहे, शिक्षाही मलाच द्या. मी लग्नाला येणार नाही. वरातीत माझं तोंडसुद्धा दिसणार नाही तुम्हाला. पण पोरीचं ठरलेलं मोडू नका."

मग आपाचा घोगरा आवाज आला.

"बसा, विहीणबाई. तिचा हात चुकला नाही. माझा खांदा चुकला."

म्हातारी अंगरख्याची कडी चाचपडत होती. अधू डोळ्यांना ती सापडेना.

"पोर मी वाढवली, ते कुणी माझ्यापासून काढून घेऊ शकत नाही. पण दूध हिचं आहे. मी बाळ हिच्याकडे आणून द्यायची आणि पाजून झालं की उचलून न्यायची. एकदा पोर हिच्या कुशीत झोपली, तर झोपेतून उचलली मी तिला... मला धास्ती वाटायची, दूध पिता पिता ती हिला ओळखेल."

"आपा, राहू द्या ना," कुलाश कळवळून म्हणाली.

"बोलू दे मला. मोडक्या बाहुल्या मी बाहेर टाकायची. राखेच्या खड्ड्यात नाही टाकल्या कधी. छपराखाली, कोरडी जागा बघून ठेवायची. कोण उचलून नेतं ते मला माहीत होतं. पोर परत द्यायला धीर झाला नाही, कुलाश... म्हणून बाहुल्या देत गेले."

कडी अखेर निघाली. आपाने अंगरखा दोन्ही हातांनी पुढे केला. कुलाश तो घेईना, म्हातारी तो मागे घेईना, आणि त्या निळ्या मखमलीवर दोघींची आसवं टपटपत राहिली. राबिगाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग तो काठोकाठ भरलेला प्याला उचलला आणि तळ दिसेपर्यंत प्यायली.

"अर्ध्या प्याल्याचा मान परक्यांना," ओठ पुसत ती म्हणाली. "मला घरचं समजून दिलात, बरं झालं. आणा ते ताट, चरबी गार होईल."

बैठकीचा जीव भांड्यात पडला. झुमातायने ताट आणलं, सगळ्यांनी एकमेकांना भरवलं, आणि त्याने पहिल्यांदाच, मान खाली घालून का होईना, आपल्या बायकोच्या तोंडात घास दिला.

पाहुणे गेल्यावर कुलाश व्हरांड्यात आली, तर पाहुण्यांसाठी चादरीने झाकलेलं कपाट सताड उघडं होतं. मागच्या रांगेतल्या बाहुल्या जमिनीवर ओळीने मांडून तोगजान त्यांच्यामध्ये बसली होती. कुणाच्या पायाला नवा रबर, कुणाला नवे केस, कुणाच्या गालाची भेग भरून रंगवलेली.

"या सगळ्या माझ्या?"

"सगळ्या."

"मग परवा मी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?" तोगजानने जळक्या कानाची बाहुली उचलली. "मी लहान असताना का नाही बोललीस? एकदा तरी..."

कुलाश तिच्याजवळ बसली. तोगजानने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि त्या केसांवरून हात फिरवताना कुलाशला आधी आजूबाजूला बघण्याची सवय आवरावी लागली.

"आता मी तुला काय म्हणू?"

शेजारच्या खोलीतून आपाचा खोकला ऐकू आला. जो शब्द ऐकायला तिचा जीव आसुसला होता तो आता ओठांवर येऊन थांबला होता, आणि फक्त हो म्हणायचाच अवकाश होता.

"म्हणत आलीस तेच म्हण," ती शेवटी म्हणाली. "त्या म्हाताऱ्या जिवाने आज पुष्कळ दिलं गं. आणखी किती मागायचं एका दिवसात?"

तोगजान मुसमुसून रडू लागली. कुलाशने तिचे डोळे पुसले, स्वतःचे पुसायचे राहून गेले. तेवढ्यात आतून आपाची हाक आली. आवाज थकलेला होता, पण ठणठणीत होता.

"कुलाश, मांस गार होतंय. सकाळपासून उपाशी असेल ती. तुझ्या मुलीला घेऊन जेवायला ये."