वजनाला हलका, आवाजाला मऊ

"त्या पिशवीत मांजर आहे का?"

मागून आवाज आला आणि माझ्या हातातला वजनाचा काटा डगमगला. काट्याच्या हुकाला कापडी पिशवी लटकत होती, पिशवीत दुकानातला लॅपटॉप होता आणि काउंटरपलीकडचा टाय लावलेला सेल्समन दोन्ही हात पसरून असा उभा होता, जणू मी त्याचं तान्हं बाळच खिडकीबाहेर धरलंय.

"मांजर नाही, लॅपटॉप आहे," मी मान न वळवताच म्हणाले. "काटा मात्र मांजरांचाच आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"त्याला केस चिकटलेत."

आता मात्र मी वळले. उंच, सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आणि त्याने एक सुरू असलेला लॅपटॉप चक्क कानाला लावला होता. डोळे अर्धे मिटलेले…

"आणि तुमचं काय चाललंय? आतून कुणी हाका मारतंय का?"

"पंखा ऐकतोय. हा बघा, तापला की शिट्टी मारतो. शांत खोलीत हा उघडून बसलात तर सगळे तुमच्याकडेच बघत राहतील." त्याने लॅपटॉप अलगद खाली ठेवला. मग माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "त्यात चार्जर टाकलात?"

"नाही."

"टाका की. तोही तुमच्याच खांद्यावर येणार ना?"

एवढ्या दुकानांत एवढी वजनं केली, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती! मी चार्जर टाकला. काटा खाली गेला आणि माझं तोंडही उतरलं. तो हसला. त्याच्या हसण्यात टिंगल नव्हती, तेवढं मी लगेच टिपलं. आणखीही बरंच टिपलं, पण ते तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. मांजरांची पिल्लं, ससे, एका आजोबांचा अति लाडावलेला पोपट, सगळ्यांची वजनं याच काट्यावर होतात. आमच्या डॉक्टरीणबाई कित्येक दिवस माझ्या मागे लागल्या होत्या, "नुसती हाताखाली किती वर्षं काम करशील? शीक की!" शेवटी प्राण्यांच्या शुश्रूषेच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला. काही संध्याकाळी वर्ग, बाकीचे धडे आपले आपण लॅपटॉपवर. माझ्यासाठी 'आपले आपण' म्हणजे बसमध्ये, नाहीतर दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथला एकमेव प्लग औषधांच्या फ्रिजने अडवलेला. म्हणजे लॅपटॉप हलका हवा, बॅटरी दिवसभर टिकणारी हवी आणि किंमत माझ्या खिशाला झेपणारी हवी.

घरात एक लॅपटॉप होता, दादाचा. त्याने मोठ्या मनाने तो देऊ केला होता. पण तो उचलला की खांदा भरून यायचा आणि चार्जर काढला की तो जीवच सोडायचा. सलाईनवरच्या पेशंटला घेऊन बसमधून कुठे हिंडणार?

आणि खरं सांगायचं तर… मला माझाच हवा होता. बाबा गेले तेव्हा दादा कॉलेजात होता आणि मी नुकती शाळेतून बाहेर पडले होते. दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं. मी नोकरी धरली. कुणी बळजबरी केली नव्हती. पण त्यानंतर कॉलेजची पोरं घोळक्याने दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. आता पुन्हा वर्गात बसायचं होतं, ते माझ्या कमाईच्या, माझ्या पसंतीच्या लॅपटॉपसमोर.

यातलं सगळंच मी काही त्या अनोळखी माणसाला दुकानात सांगितलं नाही. फक्त हलका, टिकाऊ आणि स्वस्त एवढंच सांगितलं.

"तुम्हीही लॅपटॉप घ्यायलाच आलाय?" मी विचारलं.

त्याने सेल्समनकडे पाहिलं. सेल्समन खाली वाकून कुठलंसं खोकं बांधत होता.

"हो… म्हणजे… लॅपटॉपसाठीच आलोय," तो म्हणाला. "मी पियानो सुरात लावतो. शाळांमधले, सभागृहांमधले. आता रेकॉर्डिंग शिकणार आहे. तुम्हाला वजनातलं कळतं, मला आवाजातलं. दोघं मिळून एक अख्खं गिऱ्हाईक होऊ या का?"

"आणि दोघांना एकच आवडला तर?"

"तर भांडू," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

त्या दिवशी मी लॅपटॉप न घेताच घरी आले आणि वाटभर गुणगुणत होते. दार वहिनीने उघडलं.

"मिळाला वाटतं!"

"नाही गं. उद्या पुन्हा जाणार आहे."

"अस्सं?" वहिनीने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "लॅपटॉप मिळाला नाही म्हणून एवढं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

मग आमची भटकंती सुरू झाली. मी दवाखान्यातून सुटायचे, तो कुठल्याशा शाळेतून यायचा आणि आम्ही दुकानं पालथी घालायचो. तळघरातल्या एका दुकानात सगळे लॅपटॉप वजनाला छान, पण पडदे आरशासारखे चकचकीत. "यात धडे कमी आणि स्वतःचं तोंडच जास्त दिसेल," मी म्हणाले.

"मग माझ्यासाठी तरी घ्या हा… तुम्ही शेजारी बसलात की पडद्यात तुम्हीच दिसाल."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. कानशिलं मात्र तापली.

दुसऱ्या एका दुकानाच्या मालकीणबाई फार बोलक्या होत्या. मी बटणं दाबून बघत होते, तो डोळे मिटून त्यांचा आवाज ऐकत होता. "ही बटणं दाणे सांडल्यासारखी वाजतात," तो म्हणाला, तसं बाई माझ्या कानाशी लागल्या, "ताई, तुमचे मिस्टर फारच चोखंदळ दिसतात हो!"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटूनच ठेवले. मी म्हणणार होते, 'अहो, हे माझे कुणी नव्हेत'… पण जीभ भलतीकडेच वळली. म्हणाले काय, तर, "हो ना, घरीही असंच चालतं!"

बाहेर आल्यावर आम्ही दोघंही एवढे हसलो की रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. हसता हसता तो म्हणाला, "घरीही असंच चालतं म्हणे! तू पण ना…"

'तू.' दोघांनाही एकदमच ऐकू आलं ते. तो गडबडला. "म्हणजे… तुम्ही…"

"राहू दे," मी म्हणाले. "तू बरंय."

आणि मग गुरुवारी पंचाईत झाली.

टायवाल्या सेल्समनकडे मी नंबर देऊन ठेवला होता, त्याचा फोन आला. एका गिऱ्हाइकाने नवाकोरा लॅपटॉप पडदा लहान वाटतो म्हणून परत केला होता. तोच आता कमी किमतीला, पण पूर्ण वॉरंटीसकट मिळणार होता. दुपारच्या सुट्टीत मी एकटीच धावत गेले. काट्याला लावला… चार्जरसकट मांजरीच्या एखाद्या गुटगुटीत पिल्लापेक्षाही हलका! पडदा मंद, डोळ्यांना न टोचणारा. बटणं मऊ. धड्याचा व्हिडिओ लावून कान टेकवला, तर आत पंखा आहे की नाही अशी शंका यावी. तिथल्या तिथे आगाऊ रक्कम भरून मी तो स्वतःसाठी राखून ठेवला.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत न्या हं मॅडम," सेल्समन म्हणाला. "त्यानंतर मला थांबवता येणार नाही."

दुकानाबाहेर आले ती जवळजवळ उड्याच मारत. माझा लॅपटॉप! सोमवारी पहिला वर्ग! ही बातमी कधी एकदा त्याला सांगते असं झालं… आणि तिथेच पाय थबकले. सांगितलं की भटकंती संपली. उद्या संध्याकाळी तो कुठल्या निमित्ताने येणार? मी कुठल्या निमित्ताने थांबणार?

त्या संध्याकाळी तो धापा टाकत आला. "आज कुठे?"

"स्टेशनमागे एक दुकान आहे म्हणे," मी म्हणाले. "बघू या का?"

शुक्रवारीही मी तेच केलं. शनिवारी तर आम्ही बस बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. आधी वाटेत माझा लॅपटॉप उचलायचा, असं मी ठरवलं होतं. पण तो थांब्यावर दोन कप कॉफी घेऊन उभा होता आणि माझ्या डोक्यातून सगळं साफ पुसलं गेलं. टोकाच्या त्या दुकानात तो एका लॅपटॉपवर वाकून मला सांगत होता की जुन्या पियानोत कधी कधी पोरांनी टाकलेल्या गोट्या सापडतात… आणि माझा फोन वाजला.

"मॅडम, येताय ना? दुकान बंद करायची वेळ होत आली. दुसरं एक गिऱ्हाईक समोर उभंच आहे. पैसे हातात घेऊन."

माझा चेहरा पांढराफटक पडला असावा.

"काय झालं?" त्याने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "माझा लॅपटॉप… मी घेतलाय. म्हणजे राखून ठेवलाय, गुरुवारीच. आज नेला नाही तर जाईल. सोमवारी वर्ग आहे आणि मला तोच हवाय!"

"गुरुवारी?" तो म्हणाला. "म्हणजे परवापासून आपण…"

"उगाचच फिरत होतो. माझ्यामुळे."

त्याने समोरचा लॅपटॉप सावकाश मिटला. मग त्याने आपली पियानोच्या हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकली. "बोलत काय उभी राहिलीस? पळ!"

आम्ही पळालो. बस मिळाली, पण पुलाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकली. "उतर!" तो म्हणाला. उतरलो. पुलावर समोरून वारा, त्याच्या पिशवीतली हत्यारं खणखण वाजताहेत, माझी वेणी सुटलेली, माणसं बाजूला होताहेत… आणि अशा घाईतही मला एकच विचार खात होता. हा एक अक्षर बोलत नाहीये. रागावलाय का? दुखावलाय का?

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. आम्ही दोघं वाकून आत घुसलो. काउंटरशी एक गृहस्थ माझा लॅपटॉप उघडझाप करून पाहत होते.

"तो माझा आहे!" मी ओरडलेच.

गृहस्थांनी दचकून हात मागे घेतला. सेल्समनने हुश्श केलं. "आलात एकदाच्या!" मग त्याची नजर माझ्या मागे गेली आणि चेहरा खुलला. "अरे सर, तुम्हीपण! काय म्हणतोय तुमचा लॅपटॉप? पंखा शांत आहे ना अजून?"

लॅपटॉपकडे जाणारा माझा हात थांबला. त्या गृहस्थांनाही काहीतरी घडतंय हे कळलं असावं, तेही थांबले.

मी सावकाश वळले. "तुमचा लॅपटॉप? कुठला?"

त्याचे कान लालबुंद झाले होते. "घेतलाय मी… आधीच."

"कधी?"

"तू इथे काटा घेऊन उभी होतीस ना… त्याच्या जरासं आधी. हे माझंच खोकं बांधत होते तेव्हा. सहज दुसरे ऐकून बघत होतो, तेवढ्यात तू आलीस."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून? आणि तरी सगळी दुकानं… तळघर, त्या मालकीणबाई, स्टेशनमागे… तू तिथे ऐकत काय होतास?"

"तुला," तो म्हणाला.

एवढंच. नेहमी तोंडावर उत्तर तयार असणारा माणूस, आणि आता हातातल्या पिशवीचा बंद पिळत उभा होता. "मला वाटलं, खरं सांगितलं तर तू म्हणशील, मग येतोस कशाला? त्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं… आणि ते सांगायचा धीर होत नव्हता."

मला रागवायचं होतं. खरंच. मी भुवया जवळ आणल्या, कमरेवर हात ठेवला… पण कुठल्या तोंडाने रागावणार? गुरुवारपासून मी स्वतः काय करत होते? हसू असं फुटलं की आवरेना. मग तोही हसायला लागला. मग सेल्समन. ते गृहस्थसुद्धा छत्री काखेत मारून, "बरं बरं, घ्या तुम्हीच," असं म्हणत शटरखालून वाकून निघून गेले.

"मॅडम, बिल कुणाच्या नावाने करू?" सेल्समनने मिश्कीलपणे विचारलं.

"माझ्या," मी ठामपणे म्हणाले. आणि ते म्हणताना छाती भरून आली.

बाहेर दिवे लागले होते. लॅपटॉप माझ्या पिशवीत होता, पिशवी माझ्या खांद्यावर.

"मी घेऊ का?" त्याने विचारलं.

"नको. हा मला पेलतो." मग मी मोकळा हात पुढे केला. "हा घे."

त्याने हात धरला. बोटं थोडी खरखरीत, तारा ओढून ओढून झालेली, आणि धरणं मात्र इतकं हलकं, जणू सूर बिघडेल. पूल संपेपर्यंत आम्ही रमतगमत चाललो. घाई कसलीच नव्हती.

"ते एक उत्तर," शेवटी मीच म्हटलं. "राहिलंय तुझ्याकडे."

तो थांबला. "तू आवडतेस मला. फार. तू त्या सेल्समनला घाबरवलंस ना, तेव्हापासून."

"मलाही," मी म्हणाले, आणि घाईघाईने पुढे जोडलं, "म्हणजे तू. मला तू."

"कळलं," तो हसत म्हणाला. "आता दुकानं संपली. सोमवारपासून तुझे वर्ग. मग आपण भेटायचं कुठल्या निमित्ताने?"

माझ्या गल्लीचं वळण आलं होतं. वर गॅलरीत वहिनी उभी दिसली. तिने आम्हाला पाहिलं होतं, आमच्या हातांकडेही. मी हात सोडवून घेतला नाही.

"वर्ग सुटतो तेव्हा फाटकाशी ये," मी म्हणाले. "बिननिमित्ताने."