शेवटचं तोंड

पटलं तर घ्या, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. गेल्या नोव्हेंबरमधला शुक्रवार. दुपारचे साडेबारा. मस्कतला अझैबात आमचं मॉडेल बनवायचं वर्कशॉप आहे, तिथे हे घडलं.

एका गिऱ्हाईकासाठी आम्ही आर्मेनियातल्या आठशे वर्षांपूर्वीच्या मठाची प्रतिकृती करत होतो. टोकदार घुमट, जाळीसारखे कोरलेले क्रूस, आणि छपराखाली उंच भिंतीवर दोन भाऊ. मठ बांधणारे. समोरासमोर उभे राहून दोघांनी एक छोटंसं चर्च हातांवर तोललेलं.

तो तुकडा हुसैनमियाँ दगडात कोरत होते. मूळचे श्रीवर्धनचे, मला थोरल्या भावासारखे. चेहरे मात्र ते काढत नाहीत.

"आमच्यात चालत नाय. तोंडं तू काढ, गजेंद्र."

त्या दोन भावांपाशी त्यांचा हात सारखा थांबायचा. त्यांचा धाकटा भाऊ शरीफ, मी यायच्या आधी, इथेच त्यांच्या शेजारी बसून काम करायचा. सुट्टीवर गावी गेला आणि कोरोनाच्या साथीत तिकडेच वारला. विमानं बंद होती. हुसैनमियाँना ना मातीला जाता आलं, ना शेवटचं तोंड बघता आलं.

"फोटो हायत रे," ते म्हणायचे. "पन फोटो बघनं म्हंजे तोंड बघनं नाय."

त्या शुक्रवारी सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेले. मी एकटाच मागच्या खोलीत कागदावर चेहरे आखत होतो.

आणि बाहेर, कोरायच्या खोलीत...

टक टक.

मग फुंकर. दगडावरची भुकटी उडवतात तशी.

पुन्हा... टक टक. फुंकर.

"आलात का, हुसैनमियाँ?"

पेन्सिल ठेवून उठलो.

बाहेर आलो. कोणीच नव्हतं. दार आतून बंद, किल्ली माझ्या खिशात.

पण डावीकडच्या भावाला... चेहरा होता.

तरणा चेहरा. एक भुवई मधोमध तुटलेली. डोळे मिटलेले, आणि हनुवटीखालून डोक्यापर्यंत एक पट्टी बांधलेली. मूळ शिल्पात तर डोळे टक्क उघडे, पट्टीचं नाव नाही.

मी घाबरलो. रविवारी माल द्यायचा होता. काही सुचेना, तेव्हा कानस उचलली आणि तो चेहरा घासून सपाट केला.

घासताना मनगटावर एक फुंकर आली... गार.

हुसैनमियाँ परतले तेव्हा कानस माझ्या हातातच होती. मी सगळं सांगून टाकलं. ते हळूच खाली बसले.

"दोन ठोके, मग फुंकर. शरीफची सवय ती. तुटकी भुवई पन त्याचीच."

सपाट केलेल्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"हनुवटी बांधलेली व्हती?"

"हो."

"मयताची बांधतात. तोंड उघडं राहू नये म्हनून."

भाऊ पाच वर्षांनी तोंड दाखवायला आला होता, आणि मी ते पुसून टाकलं होतं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू तरी बघितलंस," एवढंच म्हणाले. "मला काढून दाखवशील?"

तेव्हापासून मी काढतोय. कागदावर, मातीत, दगडात. भुवई जमते, पट्टी जमते. डोळे मात्र दर वेळी उघडेच होतात, आणि उघड्या डोळ्यांचा तो माणूस शरीफ वाटत नाही. हुसैनमियाँ बघतात आणि मान हलवतात.

आता दर शुक्रवारी मी शरीफच्या जागेवर एक कोरा दगड ठेवतो. छिन्नीला धार लावतो. दाराला बाहेरून कुलूप घालून उन्हात उभा राहतो. नमाज आटोपून हुसैनमियाँ भरभर येतात आणि दाराला कान लावतात.

काल पण लावला.

दगड अजून कोराच आहे.