अखितीचा करा

अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून पूजायचा, हा सत्यभामाबाईंचा नेम कधी चुकला नव्हता. यंदा मात्र करा देवापुढे कोरडाच होता. सकाळी दूध सोसायटीनं मागवलेला पाण्याचा टँकर गावच्या विहिरीत रिता झाला आणि वास सुटला. टँकरच्या टाकीत आधीच्या खेपेचं डिझेल राहिलं होतं.

"मोटर लावा, सगळं उपसून फेकू," चेअरमन राधाकिशन म्हणाले.

"अन् पुढचा टँकर येईपर्यंत आठ दिवस गावानं काय प्यायचं, चेअरमनसाहेब? तुमचं भाषण?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

बाया पदराआड हसल्या.

सत्यभामाबाईंची लेक गीता इंजिनीअरिंगला होती. विहिरीचा घेर नि खोली मोजून तिनं लॅपटॉपवर विहीर उभी केली. पाणी निळं, डिझेल पिवळं. पिवळे थेंब एकमेकांना मिळत, फुगत वर चालले. तासभराचं काम मिनिटात दिसत होतं.

"आई, चारला तळ निवळतोय. पाइप पार तळाला सोडला तर चांगलं पाणी येईल."

पण वरच्या पिवळ्या थरात एक निळं भोक काही केल्या बुजेना. माणसाएवढं. ते सरकत सरकत पायऱ्यांपाशी गेलं आणि चित्राबाहेर निघून गेलं.

"मी दोनच गोष्टी घातल्यात... हे तिसरं काय हाय?" गीताचा आवाज उतरला. तिनं परत चालवलं. परत तेच.

सत्यभामाबाईंना धोंडीराम आठवला, त्यांचा धाकटा दीर. गेल्या दुष्काळात तळाचं तांब्याभर पाणी आणायला याच पायऱ्या उतरला, तो वर आलाच नाही.

त्या उठून विहिरीवर गेल्या. पदर खोचून मोटरीपाशी बसल्या. चार वाजेपर्यंत कुणाला बटणाला हात लावू दिला नाही. भर उन्हात विहिरीतून गारवा येत होता. मधूनच खाली डुबुक व्हायचं... जसं कुणी पाय टाकावा.

चारला मोटर लावली. राधाकिशननी ओंजळ हुंगली, घोटभर प्यायले.

"निवळलं की, वहिनी."

घागरींची रांग लागली. सत्यभामाबाईंनी वाकून पाहिलं. तवंग पायऱ्यांपाशी फाटला होता, आणि पायऱ्या ओल्या होत्या. खालून थेट काठापर्यंत.

घरी येऊन त्यांनी करा काठोकाठ भरला, हळदीकुंकू वाहिलं.

"घ्या भाऊजी..." डोळे मिटून त्यांनी हात जोडले.

डोळे उघडले तर करा अर्धा झाला होता. आणि त्याच्या काठाला, ओठ टेकतात तिथं, डिझेलचा वास येत होता.