चौदा मिनिटं बावीस सेकंद

सोमवार, १५ डिसेंबर, सकाळी अकरा वीस. सांगलीत विश्रामबागेतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रेश्माने माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. आठ दिवस लॅपटॉप कंपनीचं चिन्ह दाखवून बंद पडत होता. साताऱ्यातल्या दोन दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले होते.

मला एकच रेकॉर्डिंग हवं होतं.

साताऱ्याजवळच्या आमच्या गावात दर १६ डिसेंबरला लढाईत पडलेल्यांची हजेरी होते. नाव पुकारलं की त्या घरातलं कोणीतरी 'हजर' म्हणतं. पहिल्या महायुद्धापासूनची एकतीस नावं सुभेदार हंबीररावांना तोंडपाठ होती. ते ती लिहून घेऊ देत नसत. लिहिलेलं नाव फायलीत जातं, घरात राहत नाही, म्हणायचे. जूनमध्ये ते वारले. एकतीसच्या एकतीस नावं आता कोणालाच सांगता येत नव्हती. गेल्या वर्षीची हजेरी मी रेकॉर्ड केली होती आणि दुसरी प्रत ठेवली नव्हती. रोज बातमी देणाऱ्याने करू नये अशी ही चूक. उद्या नावं मीच पुकारणार होतो.

आमच्या शेजारच्या रंगूआत्यांचा भाऊ अर्जुना एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. बेपत्ता माणसाचं नाव हजेरीत घेत नाहीत. आत्या एकट्या राहतात आणि चोपन्न वर्षं दाराला कडी न लावता झोपतात. तो कधीही येईल म्हणून.

पावणेएकला फाइल निघाली. बाकीचं सगळं गेलं, एवढी एकच धड राहिली, असं रेश्मा म्हणाली. मला हायसं वाटलं. मग मी लांबी पाहिली. माझ्या डायरीत १४ मिनिटं १० सेकंद अशी नोंद होती. पडद्यावर १४ मिनिटं २२ सेकंद होती.

मी इअरफोन लावले. एकतीस नावं, एकतीस वेळा 'हजर'. मग सुभेदारांचा खोकला. तिथेच मी रेकॉर्डिंग थांबवलं होतं.

ते पुढे चालू राहिलं.

"शिपाई अर्जुना पिसाळ." आवाज सुभेदारांचाच.

नुसती खरखर.

"हजर."

विशीतल्या पोराचा आवाज. धाप लागलेली.

रेश्माने तपासलं. कुठे जोड नव्हता. "मी गेलेलं परत आणते सर," ती म्हणाली, "नवीन बनवत न्हाई."

साडेचारला गावात पोचलो. आत्या अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी ते दोनदा ऐकलं.

"त्योच. चढ चढून आला की आसंच बोलायचा." शेंगांची पाटी बाजूला सारून म्हणाल्या, "उद्या नाव घे त्याचं."

नाव घेणं म्हणजे तो गेला असं मानणं, हे मी अडखळत सांगितलं.

"मला कळतंय रं. मी म्हनीन हजर."

मंगळवारी सकाळी बत्तीस नावं पुकारली. एकही चुकलं नाही. शेवटच्या नावाला आत्यांचा आवाज अख्ख्या पटांगणाला ऐकू गेला. नंतर मंडपात त्या बुंदीचा लाडू खात बसल्या होत्या. इतक्या मोकळ्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. आज कडी लावून झोपणार, म्हणाल्या. मी निश्चिंत मनाने साताऱ्याला कचेरीत आलो आणि बातमी दिली.

संध्याकाळी सात चाळीसला त्यांचा फोन आला.

"जयराज, कडी तू लावलीस व्हय रं?"

मी दुपारपासून साताऱ्यात असल्याचं सांगितलं.

देवापुढे दिवा लावून त्या दाराशी गेल्या, तर कडी आधीच लागलेली होती. आतून.

घरात कोण आहे, मी विचारलं.

त्या घाबरल्या नव्हत्या. आवाज फक्त खाली आला.

"हळू बोल. लय दमून आलाय."

सात त्रेचाळीसला फोन कट झाला. परत लावला, त्यांनी उचलला नाही. मी ती फाइल उघडली.

शेवटी सुभेदारांचा खोकला आहे. लांबी चौदा मिनिटं दहा सेकंद.